चार आणे दुखणं

कुणाला खरं वाटणार नाही, पण पोटाचं ऑपरेशन झालं हेमलताबाईंचं आणि कळा येत होत्या खाटेशेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याला, मुकुंदरावांना. दोघांच्या मनगटांवर दुखणं वाटून घ्यायचे पट्टे होते. मुकुंदरावांचं हृदय अधू, म्हणून डॉक्टरांनी त्यांना चार आण्यांपेक्षा जास्त दुखणं घ्यायला सक्त मनाई केली होती.

"पट्ट्यावरचा काटा कितीवर आहे, काका?" सिस्टरनं विचारलं.

मुकुंदरावांनी काट्यावर तळवा ठेवला. "चारवरच! मुंगी चावल्यासारखं वाटतंय," कपाळावरचा घाम पुसत ते म्हणाले. "अहो, लहानपणी मला विंचू चावला, तर बिचारा विंचूच तीन दिवस तापानं फणफणला होता!"

हेमलताबाई खदखदून हसल्या आणि एकदम थबकल्या.

"सिस्टर, हे खोटं बोलतायत! एवढी हसले, तरी माझा एक टाका दुखला नाही."