साहेबाच्या मानासाठी

डेन्मार्कच्या मैदानांवर एकेकाळी गाजलेला येन्स सोलापूरच्या गिरणीत यंत्रं बसवायला आला होता. कामगारांनी त्याला फुटबॉलला ओढलं, तेव्हा तो बूट काढूनच उतरला. आपल्या लाथेनं पुन्हा कुणाचं हाड मोडायला नको.

एरवी अनवाणी खेळणाऱ्या मडिवाळप्पानं मात्र साहेबाच्या मानासाठी बूट मागून आणले होते. पहिल्याच झटापटीत त्या बुटाखाली येन्सची नडगी कडकन मोडली. हाड कातडी फाडून बाहेर आलं. मडिवाळप्पानं बूट भिरकावले.

"आता जल्मात खेळणार न्हाय, साहेब!"

येन्सनं रक्ताळल्या हातानं त्याची कॉलर धरली. "खेळायचं! घाल बूट!"

कोपनहेगनला ज्याचा पाय येन्सच्या लाथेनं मोडला होता, तो एवढंच म्हणाला असता, तर येन्सनं ऐन भरात खेळ सोडला नसता.