गोड गोळ्या

डॉक्टरांनी वहीतले आकडे दोनदा तपासले आणि वही मिटली.

"वरच्या बारा घरांना लाल डब्यातल्या गोळ्या, खालच्या बारांना पांढऱ्यातल्या. तरी दीड महिन्यात दोन्हीकडचा हिवताप सारखाच कसा उतरला?"

सापगावपलीकडच्या त्या ठाकरांच्या पाड्यावर गोळ्या द्यायचं काम त्यांनी बाईजावर सोपवलं होतं. ती अंगणात भात पाखडत होती.

"आमी लाल डब्यातल्या समद्या घरांत वाटल्या," ती म्हणाली. "शिकारीचे वाटे करतात तशा. पांढऱ्यातल्या पोरांना खाऊ म्हणून दिल्या."

डॉक्टरांनी गोळी पाण्याबरोबर गिळायला सांगितली होती. पण पाड्यावर औषध म्हणजे मुळी, आणि मुळी चावूनच खातात. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं: वरच्या घरांची गोळी साखर सरली की कडूजहर, खालच्यांची शेवटपर्यंत गोड, म्हणजे नुसती साखर. बाईजाचा नातू वाळू खालच्या बारांतल्या एका घरात होता, दिवसाआड हुडहुडीनं कुडकुडत.

"ताप गोळीनं उतरला की आपोआप, हे आता मी कशावरून सांगू?" डॉक्टर म्हणाले. "गोळी खरी ठरली तर हजारो माणसं वाचतील, बाई."

बाईजानं सूप खाली ठेवलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. आसनगावहून चिखल तुडवत तो दर सोमवारी येत होता.

"पाऊस आहे तोवर ताप पुन्हा येणारच. आता पहिल्यापासून सुरू करायचं," ते म्हणाले. "घरं तीच. या वेळी माझा कंपाउंडर स्वतः गोळी तोंडात घालील."

"वाळूला गोड नाय द्यायची."

"कुणाला तरी द्यावीच लागते. त्याशिवाय ताडून कसं पाहणार?"

बाईजानं उठून पदर खोचला.

"मंग गोड मला दे. मोठ्या मानसांना इचारते, कुंडलिकला, रंगूला. गोडीत औषध नाय, हे सांगून इचारते. व्हय म्हनतील त्यांना दे, नाय म्हनतील त्यांना कडू. पोरांना समद्यांना कडूच."

"आणि सगळे नाही म्हणाले तर?"

"तर मी एकली."

"या वयात ताप झेपायचा नाही तुला. जिवावर बेतेल."

"बेतंल. पन मला ठाऊक आसंल, डागतर. वाळूला नव्हतं."

डॉक्टरांच्या उत्तरासाठी न थांबता ती कुंडलिकच्या घराकडे गेली. दार उघडंच होतं. तरी बाहेर उभं राहून तिनं आधी हाक मारली.