फोरमनचा पाहुणचार

बारा बायकांचं काम एकटं करणारं पॅकिंगचं मशीन बसवायला कंपनीने मला महिनाभर परक्या शहरातल्या कारखान्यात पाठवलं. तिथला फोरमन पहिल्याच दिवशी डोक्यात गेला.

"आज लाइट नाही, तलाव बघून या." दुसऱ्या दिवशी, "क्रेनवाला रजेवर आहे, किल्ल्यावर जाऊन या." मग मशीनचा पट्टाच हरवला. "नवा येईपर्यंत धबधबा बघा." दर वेळी गाडी दारात तयार आणि आत पॅकिंगच्या बायकांनी बांधून दिलेला डबा. किल्ल्यावरचा दगडी मनोरा तर मी तीनदा चढलो.

अठराव्या दिवशी हरवलेला पट्टा फोरमनच्याच कपाटात सापडला. मी त्याची गचांडी धरली. "मला काय खुळा समजलास?"

"नाही," तो शांतपणे म्हणाला. "त्या बाराजणींत माझी बहीण आहे. उद्या संग्रहालय बघून घ्या, तेवढं राहिलंय."

त्याच संतापात मी बायकोला फोन लावला. तीही तिकडे आमच्या गावातल्या एका कारखान्यात पॅकिंगलाच आहे. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "तेच मशीन आपल्याकडेही बसलं. सोमवारपासून आम्ही सगळ्या घरी."

"इतक्यात कसं बसलं?"



"बाहेरून आलेला तो फिटर आठ दिवसांत उरकून गेला. मेल्याला आम्ही कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही."