बाटलीवरची तारीख

"किडनी मिळाली आहे. तीन तासांत स्कोप्येच्या रुग्णालयात पोचा," फोनवरची नर्स म्हणाली. "आणि घरूनच जंतुनाशक साबणाने अंघोळ करून निघा. मानेपासून पायापर्यंत. दोन मिनिटं अंगावर राहू द्या, मग धुवा. इथे तेवढा वेळ नाही."

स्लाव्काचे हात कोपरापर्यंत काळे होते. अंगणात वर्षभराच्या चटणीसाठी लाल ढोबळ्या मिरच्या भाजणं चाललं होतं. चार वर्षं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आणि फोन आला तो ऐन मिरच्यांच्या रविवारी!

"स्पासे! अरे, आली! माझी किडनी आली!"

नवऱ्याच्या हातातला चिमटा गळून पडला. तो गाडीच्या किल्ल्या शोधत घरभर धावला. त्या त्याच्याच खिशात होत्या.

शेजारची दोन्का कुंपणावरून ओरडली, "जा गं तू, मिरच्या मी बघते! आणि ती काजळी नीट घास, नाहीतर भाजलेली मिरची समजून डॉक्टर तुलाच सोलायला घेतील!"

हसत, रडत स्लाव्का न्हाणीघरात शिरली. कपाटातली गुलाबी बाटली काढली, झाकणाला हात घातला आणि थबकली. किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव लागलं त्या दिवशी रुग्णालयाने दिलेली बाटली. मुदत कधीच उलटली असणार. आज औषधांची दुकानंही बंद. कातडीवरचे जंतू जखमेतून आत गेले, तर हाती आलेली किडनीसुद्धा जायची. हे डॉक्टर तिला चार वर्षं बजावत होते.

"स्पासे, इकडे ये. यावरची तारीख वाच."

तो दारातच चुळबुळला. "चांगली आहे. कर अंघोळ."

"न बघताच? चार वर्षांपूर्वीची आहे ती!"

तो बाटली हातात घेईना. शेवटी तिनेच बाटली खिडकीच्या उजेडात धरली, डोळे बारीक केले. पुन्हा वाचलं. तारीख पुढच्या वर्षीची होती.

ती वळून त्याच्याकडे बघत राहिली. हाच माणूस रोज जेवताना म्हणायचा, "फोनकडे काय बघतेस? यायचा नाही तो."

"दर वर्षी बदलत होतो," स्पासे भिंतीकडे बघत पुटपुटला. "ही चौथी."