अकरा मिनिटांची कविता

ताई स्टेजवर आली, तिने माइक बंद केला आणि ती गप्प उभी राहिली. पाच अर्ज नाकारल्यावर वाचनालयाने तिला ही एकच संधी दिली होती. तिची कविता अकरा मिनिटांची होती आणि तिच्यात शब्द नव्हते.

दुसऱ्या मिनिटाला पहिल्या रांगेतले निवृत्त मुख्याध्यापक हात जोडून उठले. मग सगळा हॉल उठला. कोण गेलं, हे विचारणं बरं दिसलं नसतं. दोन मिनिटांनी वाचनालयाचे चिटणीस "ओम शांती" म्हणाले आणि सगळे बसले.

ताई उभीच.

"श्रद्धांजली झाली, मॅडम. आता कविता म्हणा, नाहीतर उतरा."

"हीच कविता आहे," मी खालून म्हणालो.

"मग हिचा उपयोग काय?" चिटणीस स्टेजची पायरी चढू लागले.

तेवढ्यात डोणगावकर काकू उठल्या. "हे गेले तेव्हा याच हॉलमध्ये तुम्ही मला दोन मिनिटांत खाली बसवलंत. आज नाही बसणार."

श्रद्धांजली चालू असताना कुणाला स्टेजवरून उतरवायची सोय वाचनालयाच्या नियमांत नव्हती. चिटणीस पायरीवरच हात जोडून थांबले.

अकराव्या मिनिटाला ताई खाली उतरली. काकू बाराव्या मिनिटालाही उभ्याच होत्या.