एलिहिओच्या टाळ्या

बचावपटू एलिहिओच्या कपाळावर आदळून तीन चेंडू फुटले होते, असं तोरेऑन शहरातली माणसं शपथेवर सांगायची. टाळ्या मात्र कायम गोल करणाऱ्या नासारिओला मिळायच्या. आज एलिहिओचा निरोपाचा सामना होता, आणि गर्दी जमवायला समोरच्या संघात नासारिओलाच बोलावलं होतं. "एक गोल करू दे त्याला, गड्या," क्लबचा मालक कानाशी लागला. बायकोही म्हणाली, "सोड रे म्हाताऱ्या, लोक खूश होऊन तुलाही टाळ्या देतील." त्यानं मान डोलावली. सुटलेलं पोट सांभाळत नासारिओ चेंडू घेऊन आला, समोर जाळं मोकळंच होतं, आणि एलिहिओचा द्वाड पाय वीस वर्षांच्या सवयीनं आपसूक पुढे गेला. चेंडू प्रेक्षकांत उडाला. सारं मैदान शिट्ट्या मारू लागलं. तिथं शिट्टी म्हणजे शिवीच. त्यांतली एक लांबलचक शिट्टी त्यानं ओळखली. रोज जेवायला बोलावताना बायको अंगणातून तीच वाजवायची.