टिकलीबद्दल ताईचं मत

तिसऱ्यांदा संघातली नवी पोर टिकली ताईच्या हातावर तुरी देऊन निघून गेली, आणि या वेळी तर चेंडू तिच्या कुठल्या हातात होता तेही ताईला कळलं नाही. ती मागे वळेपर्यंत बास्केटखाली मोकळ्या उभ्या असलेल्या पोरीकडे पास पोचलाही होता.

"ताई, लागलं का?" टिकली धावत परत आली.

"लागायला काय झालंय? खेळ तू."

गुडघ्यात मात्र कुणीतरी खिळा ठोकत असल्यासारखं होत होतं.

ताई कारखान्याच्या संघाची कप्तान. चेंडू वर घेऊन येणारी, कुणी कुठं पळायचं ते ठरवणारी पॉइंट गार्ड. सगळा कारखाना तिला ताईच म्हणायचा, तिच्याहून मोठे साहेबसुद्धा. भरात होती तेव्हा ती राष्ट्रीय शिबिरात सुई आणि मालकीण अशा टोपणनावांच्या दोघींबरोबर खेळली होती. सुई गर्दीतून दोरा ओवावा तसा पास काढायची. मालकीण मैदानात उतरली की चेंडू जणू तिच्या बापाचा. दोघी वयानं धाकट्या, अजून खेळत होत्या, आणि शाळकरी मुली त्यांची पोस्टरं भिंतीवर लावत होत्या. ताई मात्र आता गुडघ्यातलं पाणी काढून घेतल्याशिवाय सामन्याला उभी राहू शकत नव्हती.

आणि सोमवारी मॅनेजरसाहेबांनी तिला बोलावून घेतलं होतं.

"टिकलीला आठवडाभर नीट बघ. सुई, मालकीण यांच्या पंगतीला बसेल का, एवढंच मला सांग. तुझ्या शब्दावर बरंच काही आहे."

बरंच काही म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. ताईनंही विचारलं नाही. त्यात विचारायचं काय होतं? एक गार्ड थकलेली, दुसरी हाताशी आलेली.

आठवडाभर ताई टिकलीच्या खेळात खोट शोधत राहिली. डावा हात कच्चा असेल, तर तो उजव्याहून सफाईदार निघाला. दमल्यावर चुकत असेल, तर दमल्यावर ती जास्तच शांत व्हायची. एकदा तिनं पास दिला तिथं कुणीच नव्हतं. ताईला हायसं वाटलं. तेवढ्यात एक पोर तिथं जाऊन पोचली, आणि चेंडू तिच्या हातात अलगद पडला. असा पास सुईला जमायला पाच वर्षं लागली होती. ताईला तो कधीच जमला नव्हता.

सराव संपल्यावर टिकली बर्फाची पिशवी घेऊन तिच्या पायाशी बसायची. कुणी सांगितलेलं नसायचं.

"ताई, एक विचारू? हसणार नाही ना?"

"विचार."

"मला जमेल का हो? म्हणजे, मोठ्या संघात?"

ताईनं पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. "आधी पायातल्या बुटाची नाडी बांध. मग मोठ्या संघाचं बघू."

टिकली मनापासून हसली. ताईला ते बघवलं नाही.

घरी आई वॉकर धरून दारापर्यंत आली होती. संघात असेपर्यंत राहायला क्वार्टर, असा कारखान्याचा नियम होता. तळमजला, रुंद दार, न्हाणीघरात धरायला कांब. कंबरेचं हाड मोडल्यापासून आईचं सगळं जग या दोन खोल्यांत मावलं होतं.

"ती नवी पोर कशी खेळते गं?" आईनं विचारलं.

"बरी आहे."

"तुझ्यासारखी?"

ताईनं कुकरची शिट्टी होऊ दिली आणि मग विषयच बदलला. खेळाखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि आता तेही येईनासं झालं होतं.

शनिवारी मॅनेजरसाहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली.

"बोल. काय वाटतं?"

"पाय चांगले आहेत साहेब." ताईनं सुरुवात केली, आणि पुढचं तिला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. "पण डोकं नाही. घाई करते. माणूस पोचायच्या आधीच पास सोडते."

"सुईच्या शेजारी उभी केली तर?"

"सुईचं नाव कशाला घेता?"

"आणि मालकीण?"

"साहेब, आपल्या संघापुरती ठीक आहे. त्यापुढं नाही."

"नीट विचार कर, ताई. दोन वर्षांत सुधारेल, असंही नाही?"

ताईच्या डोळ्यांसमोर बर्फाची पिशवी धरलेले ते हात आले. एक शब्द मागे घेतला तरी पुरे होता. मग तिला न्हाणीघरातली कांब दिसली.

"नाही साहेब. जे नाही ते नाही."

साहेबांनी फोन उचलला. "नमस्कार. हो, विचारलं. आमची ताई नाही म्हणते. बरं, तुम्ही दुसरी बघा मग." त्यांनी फोन ठेवला, चष्मा काढला, आणि डोळे चोळले.

ताईनं सुटकेचा श्वास आवरून धरला. "कोण होतं साहेब?"

"मालकीणच्या संघाचे प्रशिक्षक. टिकलीला न्यायला तयार होते, फक्त तुझ्या शब्दावर. तुला आधी काही सांगायचं नाही, ही त्यांचीच अट." साहेब तिच्या नजरेला नजर देईनात. "मीही देव पाण्यात घालून बसलो होतो गं. वरून हुकूम आहे, यंदा एकच गार्ड ठेवायची आणि तरणी ठेवायची. ती गेली असती, तर तूच उरली असतीस."